नियम क्रमांक सात

रोह्याजवळच्या एका गावात राहणाऱ्या कृष्णाबाईंचं सारं आयुष्य भात नि वालाच्या शेतात गेलं. फोनवरच्या ‘अंगणातली बाग’ या चर्चागटात त्यांना घातलं ते सुनेनं, नूतननं. “आई, तिथं लोक झाडाझुडपांचं विचारतात. तुम्हाला करमेल.” बाईंना टायपायचा कंटाळा, त्या फोनशी बोलायच्या आणि फोन लिहून घ्यायचा.

गट चालवायचे पेणचे मोरोपंत, निवृत्त मास्तर. गटाला बारा नियम होते. पहिला, नव्या सभासदानं ओळख करून द्यावी. बाईंनी दिली: नाव, गाव, माहेर, दोन म्हशी, दुखरा गुडघा. दुसरा, काही विचारण्याआधी जुन्या चर्चा वाचाव्यात.

बाईंना विचारायचं काहीच नव्हतं, तरी आठवडाभर चष्मा लावून त्या वाचत राहिल्या आणि बेचैन झाल्या. कितीजणांनी काय काय विचारलेलं, आणि कुणी साधं ‘हूं’सुद्धा म्हटलेलं नाही!

शनिवारी सकाळी चहा घेऊन त्या ओट्यावर बसल्या नि एकेकाला उत्तर देत सुटल्या. “कढीपत्ता पिवळा पडतोय तर मुळाशी आंबट ताक घाल गो.” “वालावर मावा हाय? दव असताना राख उधळ.” दुपारपर्यंत त्रेसष्ट उत्तरं झाली. चारशे माणसांचे फोन टिंगटिंगून दमले.

संध्याकाळी मोरोपंतांची तंबी आली: “नवीन सभासदांनी नियम क्र. ७ पाहावा. बंद पडलेले विषय उकरून काढू नयेत.”

“मी दोनपर्यंतच पोचलेली गो,” बाई नूतनला म्हणाल्या. परक्याच्या देवघरात चपला घालून शिरल्यासारखं त्यांना झालं. घास गोड लागेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरळ मोरोपंतांनाच फोन लावला.

“गुरुजी, चुकलं माझं. पन मानूस दारात येऊन विचारतो नि आपन घरात गप बसायचं, हे बरं दिसतं काय?”

“अहो बाई, तीन-तीन वर्षं झाली. त्यांना आता उत्तर नको असतं.”

“तुम्ही विचारलंत त्यांना?”

आजवर प्रश्न विचारायचं काम मोरोपंतांचं होतं. बाईंची समजूत पटावी म्हणून त्यांनी गटावर लिहिलं: “या जुन्या उत्तरांचा कुणाला उपयोग आहे काय?”

सगळ्यात आधी ठाण्याच्या अनसूयाताई बोलल्या. “माझा कढीपत्ता अजून पिवळाच आहे. तेव्हा कुणीच बोललं नाही. वाटलं, मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं. मग परत कधी विचारलंच नाही.” त्यांच्यामागून आणखी सतराजण आले. त्यातल्या निम्म्यांची नावं मोरोपंतांनी पहिल्यांदाच वाचली.

नियम सात काही त्यांनी काढला नाही. तो त्यांचा स्वभाव नव्हे. खाली फक्त ‘(अ)’ घालून लिहिलं, “उत्तर ठाऊक असल्यास हरकत नाही.” आणि नव्या सभासदांचं स्वागत कृष्णाबाईंकडे सोपवलं.

चारच दिवसांत प्रतीक्षा नावाची मुलगी आली. तिनं भीतभीत लिहिलं, “नमस्कार, मी नवीन आहे.”

“ये गो. कुठली तू? कुनाची? जेवलीस काय?”

तासाभरात कळलं, प्रतीक्षाचं आजोळ पेणजवळच्या हमरापूरला, गणपती रंगवणाऱ्यांच्या घरात. झाडाचं नाव अजून कुणी काढलं नव्हतं. मोरोपंतांनी विषयांतराच्या नियम चारचा इशारा लिहायला घेतला. अर्ध्यावर थांबून पुसला.

मग लिहिलं, “हमरापूरला कुणाकडे?”