तान्ह्या पोळ्याची सुनावणी

अन्याय झाला तो आमच्या गल्लीतल्या पाळणाघरवाल्या मावशीवर, आणि तिच्याकडे लेकरं ठेवून निंदणाला जाणाऱ्या बायांवर. कधी, तर यंदाच्या पोळ्याआधीच्या सोमवारी, भर दुपारी. तालुक्याच्या कार्यालयातला शिपाई राज्यभरातल्या पाळणाघरांच्या परवान्याच्या नव्या नियमांचा मसुदा मावशीच्या हातात देऊन गेला. त्यात होतं, पाळणाघर सकाळी दहाच्या आधी उघडू नये. आता दिग्रसच्या आमच्या वस्तीतून बायांना वावरात नेणारी गाडी सातला सुटते. माझी बहीण त्याच गाडीत असते आणि तिची पोर मावशीकडे. दहाचा नियम लागला तर एक तर बहिणीची मजुरी बंद, नाही तर मावशीचा परवाना. हे ठरवताना या दोघींना विचारलं कुणी? कुणीच नाही.

मसुद्याच्या तळाशी मात्र बारीक अक्षरात होतं : हरकती व सूचनांसाठी सुनावणी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. मी लगेच पत्रक लिहायला बसले. ‘जाहीर निषेध’ झाला, ‘जनतेची क्रूर चेष्टा’ झाली. मावशीनं निवांत ऐकलं आणि म्हणाली, “थो तुहा निषेध राहू दे. साहेबानं दिवस कोनता धरला, थे पाह्य.”

तालुक्याचे साहेब नवे, पुण्याकडचे. त्यांच्याकडे सण एका दिवसात आटोपतो. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लेकरं चाकांचे लाकडी बैल सजवून दारोदार नेतात आणि बोजारा मागतात, म्हणजे खाऊ नाही तर चिल्लर. आणि त्या दिवशी आमच्या वस्तीतलं कुणी वावरात जात नाही. एरवी सुनावणीला ज्या बाया कधीच येऊ शकल्या नसत्या, त्या सगळ्या साहेबांनी स्वतःच्या हातानं मोकळ्या करून ठेवल्या होत्या.

आम्ही गेलो ते वाजतगाजतच. माझ्या भाचीनं बैल ओढत थेट साहेबांच्या टेबलापर्यंत नेला आणि हात पुढं केला. “बोजारा.”

साहेबांनी शेजारी बसलेल्या बाबूकडं, म्हणजे कारकुनाकडं पाहिलं. बाबू शांतपणे म्हणाला, “द्या लागते साहेब. नाही तर बैल हालत नाही.”

बिस्किटं मागवली. बैल हालला. मग साहेबांनी समजावलं, की नियम लेकरांच्या भल्याचाच आहे, इतक्या सकाळी त्यांची झोपमोड होऊ नये.

“झोप कुठं मोडते?” बहीण म्हणाली. “झोपीतच उचलून आणतो, मावशीच्या झोळीत टाकतो. पोरीले तर पत्ताच नाही का माय गेली.”

मागून एक बाई म्हणाली, “साहेब, तुमी तर इथं हापिसात. तुमचे लेकरं सकाळी कोनापाशी रायते?”

“माझ्या आईजवळ.”

“मंग तुमची माय दिग्रसले आना ना. आमी बी ठेवतो तिच्यापाशी.”

“काहून वो?” मावशी वळून म्हणाली. “माहा धंदा बुडवता काय?”

साहेब चष्मा काढून हसले. मी पत्रकाची घडी गपचूप पर्समध्ये टाकली. त्याची गरजच पडली नाही, याचा थोडा रागही आला.

बाबूनं सूचना लिहून घेतली : पाळणाघर साडेसहापासून उघडण्याची मुभा असावी. बायांनी सह्या केल्या, अंगठे दिले. निघताना साहेब स्पष्ट बोलले. “मी वर पाठवतो. पण एकाच तालुक्यातून आली तर वरचे म्हणतील, दिग्रसचं काहीतरी वेगळं असेल.”

वेगळं काही नाही. गाडी वणीतही सातलाच सुटते, पांढरकवड्यातही, आणि तुमच्या गावातही. लेखी सूचना द्यायची मुदत अजून संपलेली नाही, आणि निर्णय होईपर्यंत माझी बहीण रोज सकाळी धास्तीनंच पोर मावशीकडे ठेवते आहे. तेव्हा वाचून मान डोलावू नका. सातच्या गाडीतल्या एका बाईला सोबत घ्या, उद्या आपल्या तालुक्याच्या कार्यालयात जा, आणि ‘पाळणाघर साडेसहाला उघडू द्या’ एवढी एक ओळ लिहून पोच घेऊन या.