पाच मुऱ्यांचं निरीक्षण

हसणार नाही असं वचन द्या, मगच सांगते. राहू द्या, तुमचे चेहरे बघूनच कळतंय. तरी ऐका, कारण एवढा मोठा पोपट आमच्या अख्ख्या खोडद गावात दुसऱ्या कुणाचा झालेला नाही.

मी नुकतीच प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झाले होते. म्हणजे जगातलं सगळं मला कळत होतं आणि घरातल्या मोठ्यांना काहीच कळत नव्हतं! त्या सुमारास 'घरात मासे ठेवले की भरभराट होते' असं एक खूळ गावोगाव सुटलं होतं. आमच्या बाबांनाही कुणीतरी ते चिकटवलं आणि नारायणगावहून काचेची टाकी घरी आली. टाकीत एक ऑस्कर मासा. काळा-केशरी, तळहाताएवढा, आणि तोरा असा की तालुक्याचा पुढारीच. सोबतीला आणलेले दोन मोठे गोल्डफिश त्याने टोचून टोचून आठवड्यात संपवले.

टाकीसमोर बाजेवर आमचे तात्या. बाबांचे थोरले भाऊ. गावाशेजारी आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींवर ते वॉचमन होते. निवृत्त झाले, पण एका जागी बसून बघत राहायची सवय काही सुटली नाही. दुर्बिणी गेल्या, मासा आला, एवढाच फरक.

मला एम.एस्सी.ला पुण्याला जायचं होतं. फॉर्म टीव्हीवर धूळ खात पडला होता आणि बाबा सही करत नव्हते.

"बी.एस्सी. करून दोन मासे जगवता आले नाहीत तुला," बाबा म्हणाले. "पुण्यात जाऊन काय करणार?"

पेटलेच मी!

"तुम्ही मासे चुकीचे आणलेत! ऑस्कर मधल्या पाण्यात राहतो. मग त्याला सोबती तळाला राहणारा हवा. हा वरच्या मजल्यावर, तो तळमजल्यावर. भांडण होईलच कशाला? मी जगवून दाखवते. जूनपर्यंत जगले तर सही करायची!"

"केली समज," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आईची पिठाची चाळणी पळवली आणि नदीवरून पाच मुऱ्या धरून आणल्या. बोटाएवढ्या, सडपातळ, वाळूत घुसणाऱ्या. तळमजल्याला याहून चांगले भाडेकरू कोण असणार?

तात्या बाजेवरून उठले. "पोरी, ह्या मुऱ्या व्हय? आगं, त्याचं तोंड—"

"तात्या, तोंडाचा काही संबंध नाही. पाण्याच्या थराचा संबंध आहे!"

"थर आसंल गं, पर बारक्या हायेत त्या—"

"बारक्याच लागतात!"

मुऱ्या सोडल्या आणि आईला कळायच्या आत चाळणी धुवायला मोरीवर पळाले. परत येऊन बघते, तर टाकीत एकही मुरी दिसेना. ऑस्कर कोपऱ्यात शांत उभा. तात्या टाकीसमोर उभे, डोळे मोठे करून.

"करुणे, आत्ता ह्यानं—"

"लपल्या! बघितलंत? वाळूत लपल्या. असंच व्हायला हवं होतं!"

"न्हाई गं, मी सोत्ता बघितलं—"

"तात्या," मी अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुम्ही नुसतं बघता. मी निरीक्षण करते. दोन्हींत फरक आहे."

तात्या गपकन बाजेवर बसले. पुन्हा म्हणून त्यांनी विषय काढला नाही.

मी निरीक्षणाची वही सुरू केली. ती वही आजही माझ्याकडे आहे, आणि ती कुणालाही दाखवणार नाही. पहिल्या पानावर आहे: 'ऑस्करने आज खाल्ले नाही. नव्या सोबत्यांमुळे बावरला असावा.' पुढे: 'मुऱ्या अत्यंत लाजाळू. सहजीवन उत्तम.' आणखी पुढे: 'ऑस्करची वाढ समाधानकारक.'

टाकीतले दगड हलवायला मी सक्त मनाई केली होती. मुऱ्यांच्या मनावर परिणाम होतो ना!

आणि आमच्या लोकांचं तरी काय सांगावं? शेजारच्या काकूंना एकदा शेपटी दिसली. बाबा पाहुण्यांना दगडाकडे बोट दाखवून म्हणायचे, "ती बघा, हलली!" पाहुणे चहा खाली ठेवून म्हणायचे, "हलली की राव!" शाळेतल्या गुरुजींनी तर पोरांसमोर माझं भाषण ठेवलं. मी तासभर बोलले. मारकुट्या माशाशेजारी कसं राहावं यावर! टाळ्या पडल्या.

तात्या तेवढे कधी टाळी वाजवायचे नाहीत. म्हाताऱ्या माणसांना दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही, असं मी आईला म्हणालेसुद्धा.

जून आला. फॉर्मची मुदत संपत आली. बाबांनी पेन उघडलं आणि म्हणाले, "एकदा मोजून घेऊ."

ऑस्करला बादलीत हलवलं. पाणी उपसलं. मी ऐटीत एकेक दगड उचलायला लागले. पहिल्याखाली काही नाही. दुसऱ्याखाली नाही. शेवटच्याखालीही नाही. मग माझ्याकडेच राहिलेल्या चाळणीतून अख्खी वाळू चाळली.

"आगं, ही माझी चाळणी!" आई ओरडली. "दोन महिने शोधतेय!"

चाळणीत वाळूखेरीज काही नव्हतं. बाबांनी पेनाचं टोपण लावलं. गेलं पुणं!

बाजेवरून तात्या म्हणाले, "पयल्याच दिवशी गिळल्या त्यानं. पाचीच्या पाची. तू चाळणी धूत व्हतीस."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?"

"सांगाय लागलो की, दर खेपंला तुजंच सुरू! त्याच्या तोंडात मावंल ते तो ठेवतोय व्हय? वरच्या मजल्यावर ऱ्हावो न्हाईतर तळमजल्यावर!"

मी खाली मान घालून फॉर्म उचलला. तेवढ्यात तात्या बाबांकडे वळले.

"ठेव तो फॉर्म खाली. कर सही."

"दादा, पण ठरलं होतं—"

"ठरू दे ठरलं तर. हिला पुण्याला धाडलीच पायजे. हिचं लई शिकायचं राह्यलंय."

बाबा इतके हसले की सही वाकडी झाली. झाली पण! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आन पोरी, एकच ध्यानात ठेव," तात्या म्हणाले. "तितं मास्तर बोलत आसतील, तवा त्यांचं बोलनं पुरं—"

"तात्या! मी कधी कुणाचं बोलणं तोडलंय?"