लॅपटॉपला वाहिलेल्या अक्षता

माझ्या हातून पूजा झालेलं एकही यंत्र आजवर धड चाललेलं नाही. तरी आमच्या डोंबिवलीच्या घरात यंत्रांची पूजा मीच करतो, कारण थोरला मी!

नव्वदचं दशक सरत आलेलं. धाकटा भाऊ नंदू कॉम्प्युटर गेम बनवून मशीनसकट विकणाऱ्या कंपनीत लागलेला, पण नोकरी कच्ची. एका सकाळी तो कंपनीचा लॅपटॉप घेऊन आला. दुपारी ठाण्याला गिऱ्हाईकासमोर त्यावर मोटारींची शर्यत पळवून दाखवायची होती. पसंत पडली तर नोकरी पक्की, नाहीतर घरी बसा!

"दादा, ग्राफिक्स बघ!"

अहाहा! लाल मोटार, टपावर ढग चमकतायत, वळणावर सावलीसुद्धा वळतेय! आमच्या टीव्हीवर माणूस कोण नि बाई कोण कळायची मारामार, आणि इथे चाकाचे नट मोजून घ्या! आई तर पदर तोंडाला लावून ओरडत होती, "अरे हळू! कुणाला उडवशील!"

"पूजा केलीस का रे?" मी विचारलं.

"कंपनीचं मशीन आहे, दादा."

"म्हणून काय झालं? कंपनीच्या गाडीलाही लिंबू-मिरची बांधतातच ना!"

नंदू आंघोळीला गेला आणि मी कामाला लागलो. झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक, वर जास्वंद, मग अक्षता. चिमूटभर वाहायच्या असतात, पण सख्ख्या भावाच्या नोकरीचा प्रश्न! मी मूठभर उधळल्या. (लग्नातही मी एवढ्या टाकत नाही.) मागे पंख्याची जाळी असते हे मला कोण सांगणार?

नंदूने येऊन परत गेम लावला. आतून जात्यासारखी घरघर! पहिल्या वळणावर मोटार अडखळली, दुसऱ्यावर तिचे चौकोनी तुकडे झाले आणि पडदा काळा. लॅपटॉप असा तापलेला, की वर पापड भाजावा!

"दादा! काय केलंस तू?"

"मी? मी फक्त देवाचं केलं!"

नंदूने जाळीत डोकावलं आणि तो मटकन खाली बसला. "तांदूळ! पंख्यात तांदूळ! आता साहेबांना काय तोंड दाखवू?"

मला तर रडूच यायला लागलं. "थांब, मी फुंकर मारतो!"

"खबरदार हात लावलास तर!"

"सरका दोघं," आई म्हणाली. तिने लॅपटॉप उचलला आणि सरळ पाखडायला घेतला!

"अगं आई, ते सूप नाहीये!"

"आत तांदूळच आहेत ना? मग झालं!"

टपाटप दाणे पडले. शेवटचा हट्टी दाणा माझ्या बायकोने भुवयांच्या चिमट्याने ओढून काढला. पंखा भिरभिरला, मोटार सुसाट! "देव पावला!" मी ओरडलो. आई खाली सांडलेले तांदूळ वेचायला लागली.

संध्याकाळी नंदू पेढे घेऊन नाचतच आला. नोकरी पक्की!

"ग्राफिक्स एकदम आवडलं त्यांना. फक्त एक शंका होती, एवढं नाजूक मशीन घरगुती माणसांच्या हाती टिकेल का?"

"मग तू काय म्हणालास?"

"तुझी सकाळची पूजा सांगितली. गिऱ्हाईक म्हणालं, यातून वाचलं म्हणजे कुठेही चालेल!"

तेव्हापासून नंदूच्या कंपनीत नवं मशीन आलं, की आधी आमच्या घरी येतं. मी काहीच करायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं. तेवढी परीक्षा पुरते म्हणतात!