भरताचा डबा

वांगं भाजल्याचा वास आला की मला देवपूरचा तो दवाखाना आठवतो. भडगावहून धुळ्यापर्यंत अख्खी बस घमघमवणारा भरताचा डबा माझ्या वडिलांनी, आबांनी, डॉक्टरीणबाईंसाठी आणला होता. जणू भरीत खाल्लं की त्या माझ्या तीन वर्षांच्या लेकीला ऑटिझम नाही म्हणणार होत्या! "हवं ते बोट दाखवून मागते का?" बाईंनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आतच, "बठ्ठं दाखाडस ताई! आभायमातलं इमान भी!" सगळं दाखवते, आभाळातलं विमानसुद्धा, असं आबांनी ठोकून दिलं. तेवढ्यात लेकीने आबांचा हात सांडशीसारखा उचलून डब्याच्या झाकणावर ठेवला. त्यांच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. बाईंचं पेन थांबलं. "असंच मांगस," आबा हळूच म्हणाले. आज घरी भरीत केलं, तर तिने माझा हात तसाच डब्याच्या झाकणावर नेला. उघडायला मी मुद्दाम वेळ लावला, कारण या वेळी ती माझ्याकडे बघत होती.