मामांचं लेटिश

अख्ख्या बहरीनमध्ये लेटिश शिकण्याचा खटाटोप केलेला माणूस एकच असणार, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला आहे: माझे मामेसासरे. मामी गेल्यापासून मामा कामापुरतंच बोलायचे, मामींचं तर नावही काढायचे नाहीत. पण मुलाने लॅटव्हियाची मुलगी केली, तिची विधवा आई इथे बुदैयाला लेकीकडे राहायला यायची ठरली, आणि तिला आपल्या भाषेखेरीज दुसरी येत नाही म्हटल्यावर मामांनी पुण्याच्या फुटपाथवरून एक जुनंपानं इंग्रजी पुस्तक पैदा केलं. "विहीणबाई आपल्या घरात मुक्या बसल्या तर बरं दिसेल का?" पुस्तकावर भाषेचं नाव लेटिश. सून इल्झे बिचारी इंग्रजीत सांगून दमली, "बाबा, हे इंग्रजीतलं जुनं नाव. आता लॅटव्हियन म्हणतात." मामा म्हणाले, "आम्ही अजून व्हीटी म्हणतो. कुणाचं काय अडलं?"

पुस्तक बहुधा कुण्या जमीनदारासाठी लिहिलेलं असावं. त्यात चहा नाही, साखर नाही. नुसते घोडे, गवत आणि बर्फ. त्यामुळे सलमाबादच्या गोदामात भर जुलैत घामाने निथळत आमचे अकाउंटंट मामा "छपरावर बर्फ साचला आहे" घोकत बसायचे. फोर्कलिफ्टवाल्या खानला त्यांनी एकदा "कुर इर झिर्ग्स?" असं विचारलं, आणि घोडा कुठे आहे, हा अर्थही सांगितला. तो म्हणाला, "घोडा मफी, साब, इधर कोई घोडा नहीं. यल्ला, गाडी खाली करनी है."

विहीणबाई आल्या, आणि आठवडाभर सोफ्याच्या टोकाला हात मांडीवर ठेवून गप्प बसल्या. लेक ऑफिसला गेली की संपलंच. शेवटी शुक्रवारी सगळे जेवायला जमलो असताना मामा इस्त्रीच्या शर्टात त्यांच्यासमोर बसले आणि घसा खाकरून विचारते झाले, "कुर इर झिर्ग्स?" मी हसू दाबायला तोंडात पोळी कोंबली. बाई आधी खुदकन हसल्या, मग डोळे पुसत जे बोलायला लागल्या ते थांबेचनात. मामा आपले "या, या" करत, म्हणजे हो हो म्हणत, मान डोलवत होते.

"काय म्हणाल्या हो?" मी नंतर विचारलं.

"एक अक्षर कळलं नाही," मामा म्हणाले. "पण त्यांना कुणालातरी सांगायचं होतं."

त्या परत गेल्या. आता दर शुक्रवारी मामा त्यांना व्हिडिओ कॉल लावतात. परवा मी डबा द्यायला गेले तेव्हा मामांचं लेटिश संपलेलं होतं आणि ते चक्क मराठीत मामींबद्दल बोलत होते: तिचं लोणचं, तिचा अबोला, हॉस्पिटलातली शेवटची रात्र. पडद्यावर विहीणबाई मान डोलवत होत्या, "या, या." डबा ओट्यावर ठेवून मी तशीच मागे फिरले. आम्हाला सगळं कळलं असतं, म्हणूनच बहुधा आम्हाला त्यांनी कधी सांगितलं नाही.