चहाचा गंज लेव्हल चारमध्ये गेला

थांबा, हातातलं काम सोडा, हे मले आत्ताच्या आत्ता सांगावं लागते : आमच्या घरात सध्या एकही ताट नाही.

चोरी नाही झाली हो. (चोर घाईत असते, काहीतरी राहून जाते त्याच्या हातून.) हे मी केलं. रीतसर, विचार करून, डिझाइन करून केलं!

मी पिंकी. राहते केळापूरले. बीसीए झालं अन् मले पुण्याले जाऊन गेम डिझाइन शिकायचं होतं. गेम खेळायचा नाही, बनवायचा! हा फरक आमच्या बाबांले समजावणं म्हणजे बैलाले इंजेक्शनचे फायदे समजावणं.

"दिवसभर मोबाइलात तोंड खुपसून बसाले पुण्याले कायले जा लागते?" बाबा म्हणे. "इथं रेंज नाही येत का?"

"बाबा, त्याचं शास्त्र असते! खेळणाऱ्याले बक्षीस कवा द्याचं, केवढं द्याचं. आधी लहान, मंग थोडं मोठं, मंग त्याहून मोठं. माणूस म्हणते आणखी एक लेव्हल, आणखी एक लेव्हल, अन् उठतच नाही!"

बाबांनी आईकडे पाह्यलं, मंग माह्याकडे. "असं? मंग तुह्या आईच्या हळदीकुंकवातल्या बाया टिकवून दाखव. त्या टिकल्या तं पुण्याचं पाहू."

हे ऐकून आईचा चेहरा उतरला. कारण ही तिची जखम होती. दर संक्रांतीले आमच्या घरी बाया येत, कुंकू लावून घेत, तीळगूळ तोंडात टाकत, वाण पिशवीत टाकत अन् "येतो व" म्हणून सटकत. कुठं? तं समोर, सुमनकाकूकडं. सुमनकाकू म्हणजे आईची मोठी जाऊ. तिच्याकडं सोफा हाये, खाली चकचकीत टाइल हाये, तिथं बाया अशा बसत जशा काही माहेरी आल्या. आई आमच्या दारातून ते पाहे अन् म्हणे, "आपलं घर म्हणजे बसस्टॉप झालं व पिंके. थांबत कोणीच नाही."

झालं! आईची इज्जत अन् माह्यं पुणं, दोन्ही एकाच ताटात! मी कामाले लागली.

वाण सगळ्यांले एकसारखं द्याचंच नाही, ठरवलं. लेव्हल एक : नवऱ्याचं नाव घेऊन उखाणा, बक्षीस चमचा. लेव्हल दोन : कपाळावर बिस्कीट ठेवाचं अन् हात न लावता सरकवत तोंडात आणाचं, बक्षीस वाटी. लेव्हल तीन : तुरीच्या शेंगा एका हातानं सोलाच्या, बक्षीस स्टीलचा डबा. लेव्हल चार : कापसातली सरकी बोटानं काढाची, बक्षीस गंज. (आमच्याकडं पातेल्याले गंज म्हणतात. पुण्यातल्या वाचकांनी लोखंडाचा गंज समजून हसू नये.) अन् सगळ्यात शेवटी, नवाकोरा कुकर!

प्रत्येक लेव्हलले अर्ध्या बाया गळतील, असा हिशेब. म्हणून पांढरकवड्याच्या बाजारातून चमचे ढीगभर आणले, वाट्या त्याहून कमी, डबे मोजके, गंज दोन अन् कुकर एक. घरी आणून आधी मी सोता खेळून पाह्यलं. लेव्हल तीनमध्ये मी सपशेल आऊट. शेंगा सुटेच ना, नख मात्र सुटलं. मी खुश! म्हटलं, लेव्हल बरोबर कठीण झाली.

(इथंच घात झाला. मले शेंगा सोलता येत नाही म्हणून केळापुरातल्या कोण्याच बाईले येणार नाही, हा माह्या डिझाइनचा पाया होता!)

हळदीकुंकवाचा दिवस उजाडला. पहिल्या बाया आल्या, कुंकू झालं, त्या वाणासाठी पिशवी उघडून उभ्या राह्यल्या, अन् मी माइकसारखं लाटणं धरून म्हटलं, "मावशी, उखाणा घ्या, चमचा घ्या, अन् पुढच्या लेव्हलले वाटी हाये!"

"वाटी बी?" पिशवी बंद झाली. मावशी खाली बसली.

बसली! आमच्या घरी, चटईवर, मांडी घालून! आईनं दारामागून मले असं पाह्यलं जसं मी बोर्डात आली.

दाराशी गल्लीतली बनाआजी टेकून बसली होती. तिचा नवरा जाऊन लय वर्षं झाली, त्यामुळं अशा दिवशी ती आपली बाहेरच बसते. मी म्हटलं, "आजी, आत ये. गेमात सगळ्यांले एन्ट्री हाये." आजी आत आली, मेलेल्या नवऱ्याचं असं काही नाव घेतलं की बाया लाजून लाल झाल्या. दोन चमचे दिले तिले.

मंग फोन सुरू झाले. "कुठं हायेस? सोड ते, इकडं ये! गंज भेटून राह्यला इथं!" बघता बघता ओसरी भरली, बैठक भरली. समोर सुमनकाकूचा सोफा रिकामा. थोड्या वेळानं सोता सुमनकाकू आली, "पाहू तरी, काय तमाशा हाये," म्हणत. आली अन् बिस्कीट कपाळावर ठेवून बसली!

आता लेव्हल तीन. मी मोबाइलवर टायमर लावाले बोट खाली नेलं, अन् बटन दाबाच्या आधी "झालं" म्हणून आवाज आला. मंग दुसरा "झालं". मंग चहूकडून "झालं, झालं, झालं!" खाली नुसती टरफलं. ज्या बाया पूर्ण हंगाम वावरात तूर अन् कापूस काढतात, त्यांले मी परीक्षेले तूर अन् कापूस दिला होता! हे म्हणजे मासोळीले विचारलं, तुले पोहता येते का?

आऊट कोणीच नाही. डबे संपले. बाया हात पुढं करून बसल्या.

मी स्वयंपाकघरात पळाली. बेसनाचा डबा उलटा केला उशीच्या खोळीत. साखर टाकली बाबांच्या हेल्मेटात. मीठ, तिखट, शेंगदाणे, जे जिथं मावलं तिथं! डबे पुसले, पदराखाली घेतले, वाटून टाकले. आई मागून आली अन् दबक्या आवाजात किंचाळली, "पिंके, हा माह्या माहेरचा डबा हाये!"

"आई, बक्षीस कबूल केलं तं द्याच लागते. नाहीतर प्लेयरचा भरोसा उडते!"

"तुह्या प्लेयरच्या..." आई पुढचं बोलणार, तेवढ्यात बैठकीतून सुमनकाकूचा आवाज आला, "खरं सांगू का, असं हळदीकुंकू गावात झालं नाही कधी!" आईनं शब्द गिळला, चेहऱ्यावर हासू आणलं अन् सोताच्या हातानं मांडणीवरची परात काढून माह्याकडं दिली. इज्जत मोठी, परात लहान.

लेव्हल चारले दोन गंज पहिल्याच झटक्यात गेले. मंग घरचे गंज निघाले. मंग कढई. मंग जुना कुकर. मंग ताटं. सुमनकाकूले ताट भेटलं, तिनं ते उलटं करून नाव वाचलं. लग्नात भांडं देताना देणाऱ्याचं नाव कोरतात ना, ते.

"अव माय! हे तं आमचंच हाये! तुह्या लग्नात मीच देल्लं होतं!"

आई म्हणे, "तुमच्यासाठीच सांभाळून ठेवलं होतं, बाई."

बाहेर अंगणात बाबा चारचौघं माणसं घेऊन खुर्च्यांवर बसले होते. त्यांचा आवाज आला, "पिंके, चहा कुठं अडकला व?"

"चहा झाला बाबा! पण गंज लेव्हल चारमध्ये गेला!"

"मंग चहा कायच्यात हाये?"

आता खोटं कसं बोलू? "...बादलीत."



राह्यला होता फक्त नवा कुकर, अन् खेळणाऱ्या सगळ्याच्या सगळ्या! मी डोकं लावलं. अशी लेव्हल ठेवाची की कोणी पार करूच शकणार नाही. "शेवटची लेव्हल!" मी लाटणं उचललं. "गप्प बसाचं. जी बोलली, हासली, ती आऊट. शेवटपर्यंत राह्यली तिचा कुकर."

म्हटलं, एवढ्या बाया एका खोलीत गप्प? चिमणी पाणी पिईपर्यंत निकाल लागीन.

तेवढ्यात आई पदर खोचून चटईवर बसली. "मी बी खेळते. घरात काहीतरी राहू दे." (मालकीण सोताच्याच घरातला सोताचाच कुकर जिंकाले बसली, असा गेम जगात कुठं झाला नसेल!)

अन् मंग शांतता झाली. पूर्ण. कोणी खोकलं नाही. बांगडी वाजू नये म्हणून बायांनी हात धरून ठेवले. पंख्याची कुरकुर मले पहिल्यांदा ऐकू आली.

बाहेर बाबांचं धाबं दणाणलं. एवढ्या बाया अन् आवाज नाही म्हणजे काहीतरी वाईट झालं! ते चपलेसकट आत धावत आले. मागून चारही माणसं.

"काय झालं? अव, काय झालं?"

कोणी बोलेना. कुकरचा सवाल होता.

बाबांनी आईकडं पाह्यलं. आईच्या डोळ्यांत पाणी. (ते कढईचं होतं, पण बाबांले काय मालूम!) बाबा तिच्यासमोर बसले. "बोल ना व. कोणी काही म्हटलं का? मी चुकलो का? गळ्यात सोन्याची पोत पाहिजे होती ना तुले? करून देतो, आईशप्पत करून देतो, पण बोल!"

आईनं ओठ आणखी घट्ट मिटले. मी कोपऱ्यातून बोट तोंडावर ठेवून इशारा केला, पण बाबांले वाटलं मी त्यांले धीर देऊन राह्यली. मंग त्यांची नजर भिंतीशी गेली. बनाआजी मान टाकून, तोंड उघडं, डोळे मिटलेले.

बाबांनी टोपी काढली. हात जोडले. मागच्या माणसांनीही जोडले. "बनाकाकी गेल्या," बाबा म्हणे. "लय चांगली बाई होती."

आजीनं एक डोळा उघडला. "कुठं गेली रे मेल्या? इथंच तं हाये!"

झालं! सुमनकाकूचा बांध फुटला, मंग अख्खी बैठक फुटली. बाया हासून हासून एकमेकींच्या अंगावर पडल्या. सगळ्या आऊट! सगळ्या! एकटी आई तोंडात पदराचा बोळा कोंबून, गळ्याच्या शिरा फुगवून, टिकून राह्यली. मी कुकर तिच्या मांडीवर ठेवला, तवा तिनं पदर काढला अन् बाबांले पहिलं वाक्य विचारलं :

"पोत कवा घेता?"

संध्याकाळी खिचडी त्याच कुकरात झाली अन् त्याच्याच भोवती बसून आम्ही तिघांनी हातानं खाल्ली. मले पुण्याचं विचाराची हिंमत झाली नाही. बाया टिकल्या होत्या, हे खरं. पण बाकी काहीच टिकलं नव्हतं.

सकाळी दार वाजलं. सुमनकाकू! माह्या जिवात जीव आला. म्हटलं, शेवटी रात्रीतून माणसाले वाटते काहीतरी, भांडे वापस द्याले आली.

"पिंके, माह्या डब्याचं झाकण राह्यलं व तुमच्याकडं," काकू म्हणे. "अन् ऐक, पुढच्या वर्षीचं आतापासून ठरव. बाया विचारून राह्यल्या, लेव्हल सहा म्हणजे फ्रिज का?"

झाकण दिलं. वळून पाहते तं बाबा मागं उभे, हातात माही बॅग.

"भर," ते म्हणे.

"बाबा! म्हणजे पुण्याले? म्हणजे तुमाले माह्यं डिझाइन पटलं?"

"पुढच्या संक्रांतीले तू मले या जिल्ह्यात दिसली नाही पाहिजे."

तं असं झालं माह्यं सिलेक्शन! बाकीची पोरं प्रवेश परीक्षा देऊन येतील, कोणी मार्कांवर येईल. यवतमाळ जिल्ह्यातून तडीपार होऊन आलेली मी एकटीच असणार. खरं सांगा, तुमच्या घरच्यांनी तुमाले कधी इतक्या आनंदानं शिकाले पाठवलं का?