बोनेटखालचं ओलं फडकं

फैजपूरची ती पांढरी गाडी फाटकातून आत येताना दिसली की मला एकदम थकल्यासारखं व्हायचं. गाडी वाईट नव्हती. आमच्याकडे येईपर्यंत ती ठणठणीत झालेली असायची, हीच खरी पंचाईत होती.

नव्वदच्या दशकाचा तो शेवट होता. फ्यूएल इंजेक्शनच्या गाड्या खानदेशात नुकत्याच दिसू लागल्या होत्या. मागच्या काचेवर तशी इंग्रजी अक्षरं चिकटवलेली असत आणि मालक ती अक्षरं रोज पुसून घेत. जळगावला हायवेवरच्या एका वर्कशॉपमध्ये मी इंजिनियर म्हणून लागलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील धुळ्याला एका जिनिंग फॅक्टरीत जीप चालवायचे. त्यांनी मला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. तू गाडी चालवायची नाहीस, समजून घ्यायचीस, असं ते म्हणत. कॉलेजात गणिताच्या सरांनी शिकवणीशिवाय माझे कच्चे विषय करून घेतले. वर्कशॉपच्या मॅनेजरांनी शहरातल्या मुलांना मागे ठेवून पुण्याच्या ट्रेनिंगला माझं नाव दिलं. इतक्या जणांनी हात दिलेल्या माणसाला ‘मला कळत नाही’ हे म्हणणं फार जड जातं. ती गाडी मला दर वेळी तेच म्हणायला लावत होती.

जुन्या गाडीत कार्बोरेटर असे. पेट्रोल कमी-जास्त करायचं तर एक स्क्रू फिरवायचा, कान लावायचा, झालं. नव्या गाडीत ते काम एका छोट्या कॉम्प्युटरकडे गेलं होतं. इंजिनावर ठिकठिकाणी सेन्सर बसवलेले. हवा किती येते, इंजिन किती तापलंय, पाय किती दाबलाय, हे सगळं ते कॉम्प्युटरला कळवत राहतात आणि तो त्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. एखादा सेन्सर बंद पडला तर डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग डॅशबोर्डखालच्या सॉकेटमधली दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडायची आणि दिवा कसा उघडझाप करतो ते बघत बसायचं. त्या उघडझापेतून बिघाडाचा नंबर निघतो.

हे काम करणारा आमच्या भागात मी जवळजवळ एकटाच होतो. आज भडगाव, उद्या शिरपूर, परवा धुळे, असा एसटीने हिंडायचो. मांडीवर मल्टिमीटरची बॅग आणि खिडकीतून येणारा भट्टीसारखा वारा. धुळ्याच्या एका जुन्या मेकॅनिकने मला दिव्यापुढे उकिडवा बसलेला पाहून विचारलं होतं, आरती कधी सुरू करता? मी हसलो. पुढे पुढे हसायचाही कंटाळा यायला लागला.

तर ती पांढरी गाडी. फैजपूरच्या एका केळीवाल्या घरची. घरचे कर्ते म्हणजे नाना. त्यांचा मोठा मुलगा केळीच्या ट्रकांचा व्यवहार पाहायचा. गाडी चालवायचे ते ड्रायव्हर मूळचे शिरपूरकडचे. नानांच्या जुन्या अँबॅसेडरवर त्यांचे केस पांढरे झाले होते. सगळं घर त्यांना भाऊ म्हणायचं, म्हणून मीही भाऊच म्हणायचो. तक्रार एकच होती. उन्हात लांब पल्ल्याला निघालं की गाडी काळा धूर सोडायची, गुदमरायची आणि बंद पडायची. वर्कशॉपला आणली की मात्र सुरळीत. मी दिवा बघायचो, दिवा म्हणायचा सगळं ठीक आहे. प्लग काळे झालेले असत, ते बदलायचो. फिल्टर बदलायचो. एकेक कनेक्टर काढून परत बसवायचो. गाडी काही आठवडे नीट चालायची आणि पुन्हा फाटकात उभी.

भाऊ गाडी आणायचे ती नेहमी धुऊन-पुसून. बोनेटच्या आतूनसुद्धा. परक्याच्या दारात गाडी मळकी न्यायची नाही, हा त्यांचा नेम. वर्कशॉपमधली मुलं त्यावरून त्यांची चेष्टा करायची, की भाऊ लेक सासरी आणून सोडतात.

त्या वर्षी लग्नसराईत गाडीने नानांच्या मुलाला दोनदा रस्त्यात दगा दिला. तो मला एकदा बाजूला घेऊन म्हणाला की गाडीत दोष नसेल तर चालवणाऱ्यात आहे. अँबॅसेडरवर बसलेला हात या गाडीला चालत नाही. भुसावळचा एक तरुण ड्रायव्हर त्याने पाहूनही ठेवला होता. नानांचं मन होत नव्हतं. शेवटी त्यांनीच तोड काढली. धुळ्याला नात्यातलं लग्न होतं. घरचे सकाळी जीपने पुढे जाणार होते आणि आहेराचं सामान घेऊन भाऊ दुपारी गाडीने येणार होते. इंजिनियरला सोबत घ्या, नाना म्हणाले. धुळ्याला पोचल्यावर त्याने एकच सांगायचं, गाडी का माणूस. माणूस असेल तर भाऊंनी त्याच दिवशी चावी द्यायची.

हे भाऊंना ठाऊक होतं. जळगावला हायवेवर मी गाडीत बसलो तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. मागच्या सीटवर साड्यांची गाठोडी आणि पितळी भांडी. एरंडोल मागे पडलं. मी इंजिनाचा आवाज ऐकत होतो आणि मनातून प्रार्थना करत होतो की गाडी बंद पडावी. ती पडली नाही तर मी काय सांगणार होतो? दिव्याला दोष दिसत नाही, मलाही दिसत नाही, म्हणजे उरला माणूस. सगळ्या शिक्षणाचा निष्कर्ष तेवढाच निघत होता.

पारोळ्याच्या अलीकडे भाऊंनी एका निंबाखाली गाडी उभी केली. इंजिन बंद केलं, डिकीतून पाण्याचा कॅन काढला, सीटखालून एक जुनं फडकं काढलं. ते चिंब भिजवलं, बोनेट उघडलं आणि इंजिनाच्या माथ्यावर, पेट्रोलची नळी जिथे आत शिरते तिथे, घडी घालून ठेवलं. वरून ओंजळभर पाणी शिंपडलं. तापलेल्या लेकराच्या कपाळावर पट्टी ठेवावी इतक्या हलक्या हाताने.

ते फडकं मी ओळखलं होतं. वडिलांच्या जीपमध्ये गोणपाटाचा असाच तुकडा असायचा. खानदेशातल्या उन्हाळ्यात जुन्या गाडीच्या पंपात पेट्रोलची वाफ धरते आणि गाडी अडते. म्हणून पंपाला ओलं फडकं. इकडचा प्रत्येक ड्रायव्हर हे करायचा. लहानपणी हौदावर मीच ते गोणपाट भिजवून आणायचो. या गाडीचा पंप पेट्रोलच्या टाकीत बुडालेला असतो, त्याला फडक्याची गरजच नाही. भाऊंना पंप सापडला नसणार. त्यांनी नळी शोधली आणि ती जिथे पोचते तिथे थंडावा दिला.

‘‘वर्कशॉपला आणताना हे काढून ठेवता?’’ मी विचारलं.

‘‘ते काढीसनच गाडी पुसस ना. तुमना दारमा असं वल्लं फडकं कसं आनू?’’

पारोळ्याच्या पुढे गाडीने काळा धूर सोडला, दोन आचके दिले आणि ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. इतक्या महिन्यांत ती माझ्यासमोर पहिल्यांदाच बंद पडत होती. मला आनंद व्हायला हवा होता. मी नुसता खाली उतरलो. फडकं वरून सुकत आलं होतं, पण त्याच्याखाली एका सेन्सरच्या कनेक्टरवर पाण्याचे थेंब होते. तो कनेक्टर ओढला. आतल्या पितळी पिनांवर मोरचुदासारखा निळा-हिरवा गंज चढला होता. इंजिन किती तापलंय ते कॉम्प्युटरला सांगणारा हा सेन्सर. मल्टिमीटर लावला. हाताला चटका बसत होता इतकं इंजिन तापलेलं आणि त्या गंजक्या पिनांतून कॉम्प्युटरला निरोप जात होता पौषातल्या पहाटेचा. गार इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं. म्हणून तो बिचारा ओतत होता आणि गाडी पेट्रोलमध्ये बुडून गुदमरत होती. निरोप खोटा असला तरी अशक्य नव्हता, म्हणून दिवा लागत नव्हता. आणि मी दर वेळी आत न डोकावता कनेक्टर काढून बसवायचो तेव्हा पिना घासल्या जायच्या, म्हणून गाडी काही आठवडे बरी व्हायची.

भाऊंना हे सगळं सांगितलं. बोलीतच सांगितलं, माझ्या वडिलांची बोलीही तीच होती. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

‘‘म्हंजे तिले हिव वाजत व्हतं,’’ ते म्हणाले. ‘‘मे महिनामा.’’

ते जरा हसले. मग हसू गेलं. त्यांनी फडकं उचललं, पिळलं, चार घड्या केल्या.

‘‘मंग हाई मीच करं.’’

मी पॉलिश पेपरने पिना घासत राहिलो. मान वर करायला जीव होत नव्हता. रस्त्यावरून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकची गरम झळ अंगावर येत होती.

‘‘नानाले सांगशी का?’’ थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. इतके दिवस ते मला साहेब म्हणायचे.

‘‘विचारतील तर सांगावं लागेल, भाऊ.’’

‘‘सांग. खोटं नको सांगू, तुना बापनी तुले त्यानाकरता शिकाडं नही. पन मी मुद्दाम करं नही, हाई बी सांग.’’

पुढे धुळ्यापर्यंत गाडी एकदाही अडली नाही. पाण्यासारखी चालली. भाऊ दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून सरळ समोर पाहत होते. मी मनात वाक्यं जुळवत होतो. सेन्सर खराब झाला म्हणावं, ते खरंच होतं. पाणी गेलं म्हणावं, तेही खरं. कुणी घातलं ते नानांनी विचारलं नाही तर? पण नाना विचारणार होते. त्यांनी प्रश्नच तसा ठरवून दिला होता.

मांडवाबाहेर सावलीत नाना खुर्ची टाकून बसले होते. मुलगा शेजारी उभा होता. आत नवरदेवाला हळद लागत होती, बँडवाले वाद्यं पुसत होते. नानांनी मला पाणी द्यायला लावलं, ते पिऊ दिलं आणि मग विचारलं, ‘‘मले एवढंच सांग. गाडी का माणूस?’’

मी सगळं सांगितलं. फडकं, पाणी, पिना, खोटा निरोप. भाऊंनी मुद्दाम केलं नाही, उलट गाडीची काळजी म्हणून केलं, हेही सांगितलं. बोलून झाल्यावर मला स्वतःचाच आवाज परीक्षेत पाठ म्हणून दाखवल्यासारखा वाटला.

मुलगा म्हणाला, ‘‘मी म्हणत होतो ना. जुना हात.’’

नानांनी भाऊंकडे पाहिलं. ‘‘फडकं दाखव.’’

भाऊंनी गाडीतून ते आणलं. नानांनी घड्या उलगडून ते मांडीवर पसरलं. ग्रीस आणि धुळीने ते काळं पडलं होतं, पण एका कडेला बारीक लाल काठ अजून दिसत होता. नाना त्या काठावरून अंगठा फिरवत बसले. मग त्यांनी मुलाकडे मान वळवली.

‘‘हे माझं उपरणं. गाडी आली त्या उन्हाळ्यात मीच दिलं याले. नव्या गाडीले गोणपाट कशाले, म्हटलं.’’

मुलगा वाकून तो लाल काठ पाहू लागला.

‘‘याले काढतोस तर मलेही काढ मंग,’’ नाना म्हणाले, आणि फडकं परत भाऊंच्या हातात दिलं.

त्यावर पुढे चर्चा झाली नाही. भुसावळच्या ड्रायव्हरचं नाव निघालं नाही. रात्री मला आग्रहाने जेवायला बसवलं, नानांनी स्वतः जिलबी वाढली. जेवण मला गेलं नाही. मी तिथूनच पायी वडिलांकडे गेलो. ते अंगणात बाज टाकून पडले होते. गाडीत काय निघालं म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ‘‘आमच्या गाड्यांना मात्र लागायचं रे फडकं,’’ ते म्हणाले. मी म्हटलं, हो, लागायचं. मग आम्ही दोघं झोपलो.

ती गाडी नंतर कधी धूर सोडत आली नाही. सर्व्हिसिंगला तेवढी यायची. भाऊच आणायचे, तशीच धुऊन-पुसून, पण फक्त बाहेरून. बोनेटखाली धूळ साचलेली असायची. मी बोनेट उघडलं की ते थोडे मागे सरकून, हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. एकदा मी म्हटलं, भाऊ, वरवर पुसत जा, कोरड्या कापडाने काही होत नाही. नको, ते म्हणाले, ते तुमचं काम. पुन्हा ते मला साहेब म्हणायला लागले होते.

तोपर्यंत धुळे-जळगावकडच्या बऱ्याच ड्रायव्हरांना मी हेच शिकवलं होतं, की उघडू नका, हात लावू नका, दिवा लागला तर आणा. माझ्या कामाचाच तो भाग होता आणि ते बरोबरही होतं. तरी एखाद्या दुपारी बोनेटवर वाकलेलो असताना मागे ते हात बांधून उभे आहेत हे जाणवत राहायचं. उपरण्याचा तो तुकडा त्यांनी टाकला नव्हता. काम चालू असेपर्यंत ते त्याने समोरची काच पुसत राहायचे, पुसलेलीच काच पुन्हा पुन्हा.